मुलीच्या नोकरीआधी तुमच्या नोकरीविषयी

फोंडा तालुक्यातील एका आईचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. त्यांची मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असून तिला आतापर्यंत ६८ टक्क्यांच्या आसपास गुण मिळत आले आहेत. तिला स्त्रियांच्या आरोग्यात, त्यातही पाळी जाण्याच्या वयातील नोकरदार बायकांसाठी काम करायचे आहे. आईच्या मते हे काही काम नव्हे. मुलीने सरकारी स्टाफ नर्सची जागा धरावी, नाहीतर मस्कतला असलेल्या मामाच्या ओळखीने तिकडचे रुग्णालय गाठावे, पण जे करायचे ते याच वर्षी करावे. या घाईचे कारण पत्राच्या अगदी शेवटी चार ओळींत आले आहे: "मी ४८ वर्षांची आहे. औषध कंपनीत १७ वर्षे पॅकिंगला आहे. आता झेपत नाही. रात्री तीनदा उठून कपडे बदलते, लाईनवर उभी असताना कानशिलांतून वाफा निघतात, पाळी दोन महिने येत नाही आणि आली की दहा दिवस थांबत नाही. सुपरवायझर माझ्या मुलाच्या वयाचा आहे, त्याला काय सांगू? चतुर्थीला राजीनामा देणार आहे, लिहून ठेवला आहे. मुलीला यातले काही ठाऊक नाही, तिची परीक्षा आहे."

ताई, तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. तुम्ही मला मुलीविषयी विचारले आहे आणि मी त्याकडे येणारच आहे. पण आधी तुमच्याविषयी बोलणे भाग आहे, कारण मुलीवरचा सगळा दाब तिथूनच आला आहे. तुमचा पगार थांबणार म्हणून तिचा सुरू व्हायला हवा, आणि तो तातडीने सुरू व्हायला हवा म्हणून तिने आपल्या आवडीचा विचारसुद्धा करू नये, असा हा हिशेब आहे. ज्या त्रासामुळे तुमचा पगार थांबणार आहे त्या त्रासावर उपचार असतात, ही गोष्ट मात्र या हिशेबात कुठेच धरलेली नाही. चार पानी पत्रात तुम्ही डॉक्टरांकडे गेल्याचा एकदाही उल्लेख नाही, हे मला मुलीच्या गुणांपेक्षा कितीतरी जास्त काळजीचे वाटते.

औषध कंपन्यांत पॅकिंगला असलेल्या अनेक बायकांशी माझे बोलणे झाले आहे, म्हणून तुमच्या त्या चार ओळींमागे काय आहे याची मला थोडी कल्पना आहे. अंगभर गाऊन, केसांवर टोपी, तोंडावर मास्क, हातांत मोजे. स्वच्छतागृहात जायचे तर लाईनवर बदली माणूस मागायचा, चेंज रूममध्ये जाऊन हे सगळे उतरवायचे, परत येताना हात धुऊन पुन्हा सगळे चढवायचे. पाळीच्या दिवसांत दर तासाला जावे लागणाऱ्या बाईला हे दिवसातून सात-आठ वेळा कोण करू देणार? म्हणून बायका पाणी पिणे कमी करतात, दुपारनंतर डोके दुखू लागते, लघवीची जळजळ सुरू होते, आणि शेवटी या सगळ्याला मिळून "आता वय झाले" असे एकच नाव दिले जाते.

मीही तेच नाव दिले होते. ४७ व्या वर्षी मी एका उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवत होते. मे महिन्यातल्या जादा वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता अंगातून अशी झळ उठायची की खडू ओला होऊन हातातून निसटायचा, आणि वर्गाकडे तोंड फिरवण्याआधी मी पदराने चेहरा पुसून घ्यायचे. तळमजल्यावरचा वर्ग मागितला, तो मिळाला नाही. मुलांची नावे आठवेनाशी झाली, तेव्हा सर्व शिक्षकांसमोर मला माझा विसराळूपणा ऐकवण्यात आला. दोन वर्षे मी हे कोणालाही सांगितले नाही. अखेर एका मैत्रिणीने ओढून तपासणीला नेले, तेव्हा हिमोग्लोबिन ८ निघाले आणि थायरॉईडचीही गोळी सुरू करावी लागली. ज्याला मी वय समजत होते, त्यातला मोठा भाग अंगात रक्त नसण्याचा होता.

म्हणून राजीनाम्याआधी तपासणी करा. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास जाते आणि सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. त्याआधीची काही वर्षे पाळी पुढेमागे होते, तुमचे तेच चालू असावे. पण दहा दिवस थांबत नाही अशा रक्तस्रावाला घरच्या घरी "पाळी जाण्याचे लक्षण" ठरवून मोकळे होऊ नका. त्याचे कारण स्त्रीरोगतज्ज्ञानेच पाहायला हवे. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि रक्तदाब एकदा बघून घ्या. तुमचे वेतन ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, २१,००० रुपयांच्या मर्यादेत असेल, तर तुमच्या पगारातून त्यासाठी दरमहा पैसे कापले जातात, तेव्हा त्या कार्डावर दवाखान्यात आणि तिथून गरज पडल्यास मडगावच्या ईएसआय रुग्णालयात जाणे हा तुमचा हक्क आहे. मर्यादेबाहेर असाल तर फोंड्याचे उपजिल्हा रुग्णालय आहे, बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. हार्मोनच्या गोळ्यांचे नाव निघाले की आपल्याकडे बायका कर्करोगाच्या भीतीने मागे सरतात. ही भीती मुख्यतः २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासानंतर पसरली. त्यातल्या निष्कर्षांचा पुढे बारकाईने फेरविचार झाला असून, साठीच्या आतल्या आणि पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रीला त्रास जास्त असेल तर या उपचाराचा फायदा बहुधा धोक्यापेक्षा अधिक असतो, असे तज्ज्ञ आज मानतात. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेलेल्यांना तो सहसा देत नाहीत, आणि त्यांच्यासाठी हार्मोनविरहित औषधेही आहेत. तुम्हाला काय योग्य, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे, मी नव्हे आणि शेजारच्या वहिनीही नव्हेत.

नोकरी सोडण्याचा खर्चही मांडून पाहा. ५८ व्या वर्षापर्यंत तुमची दहा वर्षे बाकी आहेत. भविष्यनिर्वाह निधीसोबतची पेन्शन नोकरीच्या वर्षांवर ठरते, ग्रॅच्युइटी दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराने वाढते, आणि ४८ व्या वर्षी सोडलेली कायम नोकरी पुन्हा त्याच पगारावर मिळत नाही.

कंपनीशी बोलायचे तर सुपरवायझरपाशी जाऊ नका. त्या मुलाला शरीराचा तपशील सांगण्याची तुम्हाला काहीच गरज नाही. कंपनीचे डॉक्टर किंवा एचआरमधील स्त्री अधिकारी यांना लेखी अर्ज द्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, आणि आजाराच्या नावाऐवजी "वैद्यकीय सल्ल्यानुसार" एवढेच लिहून नेमके काय हवे ते मागा: सहा महिने रात्रपाळी नको, चेंज रूमजवळची लाईन मिळावी, जादा गणवेश कंपनीत ठेवू द्यावा, स्वच्छतागृहात जाताना बदली माणूस मिळावा, आणि बसायला स्टूल मिळावे. उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय असावी ही तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमातच आली आहे, तेव्हा स्टूल मागताना संकोच करू नका. तुमच्या लाईनवर चाळिशीपलीकडच्या आणखी किती बायका आहेत? त्यांच्यापैकी दोघींनी जरी असाच अर्ज केला, तरी तो एकटीचा हट्ट राहणार नाही.

आता मुलीकडे येते. "पाळी जाणाऱ्या बायकांसाठी काय नोकरी करणार, त्यापेक्षा बाळंतपणाच्या वॉर्डात तरी जा," असे तिला तिच्या आत्याने सुनावल्याचे तुम्ही लिहिले आहे आणि तुम्हालाही ते पटलेले दिसते. स्त्रीआरोग्य म्हणजे बाळंतपण, हा गैरसमज इतका खोल आहे की आपले कायदेही त्याच वळणाने गेले आहेत: मातृत्व लाभ कायदा १९६१ मध्ये आला, २०१७ मध्ये त्यातली रजा २६ आठवड्यांची झाली, हे अत्यंत योग्यच झाले, पण रजोनिवृत्तीच्या वयातील कर्मचाऱ्यांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. साधा हिशेब करा. दोन मुले झालेल्या बाईच्या आयुष्यातले गरोदरपणाचे महिने अठरा. पाळी पुढेमागे होऊ लागल्यापासून पुढचे तिचे आयुष्य मात्र तीस-पस्तीस वर्षांचे असते, आणि त्यात तिची हाडे, हृदय, झोप, लघवीवरचा ताबा हे सगळे बदलत जाते. त्यातही आपला गोवा पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा एकूण जननदर १.३ आढळला, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी दीड मूलही नाही. इथे बाळंतपणे कमी होत जाणार आणि पंचेचाळिशीपुढच्या स्त्रिया वाढत जाणार, आणि त्यांतल्या कितीतरी कुंडई, वेर्णा, कोरलीच्या औद्योगिक वसाहतींत, हॉटेलांत, शाळांत, पंचायतींत कामाला आहेत. तुमच्या मुलीने विषय निवडताना डोळे उघडे ठेवले आहेत.

आणि तिने तो कुठून उचलला असेल, ताई? रात्री तीनदा दिवा लागतो, मोरीत पाणी वाजते, सकाळी दोरीवर आईचे तीन गाऊन वाळत असतात, हे नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला दिसत नसेल असे तुम्हाला खरेच वाटते का? तिला ठाऊक नाही असे तुम्ही म्हणता. मला वाटते तिला ठाऊक आहे, आणि आई बोलत नाही म्हणून तीही बोलत नाही.

तिला मात्र मी वेगळ्या कारणासाठी खडसावणार आहे. "रजोनिवृत्ती सल्लागार" या नावाची जागा आज गोव्यात जाहिरातीत निघत नाही, हे तिने मान्य करूनच पुढे जावे. समाजमाध्यमांवर सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर "मेनोपॉज कोच" होण्याच्या जाहिराती दिसतात. त्यावर आईच्या घामाचा एक रुपयाही घालवू नये. घाम येणाऱ्या बाईला थायरॉईडचा त्रास आहे की क्षयाचा, हे ज्याला सुचत नाही त्याने सल्ला देणे धोक्याचे आहे, आणि ही समज वॉर्डात उभे राहूनच येते. तेव्हा पदवीनंतर नर्सिंग परिषदेकडे नोंदणी करून तिने किमान दोन वर्षे रुग्णालयात काढावीत, जमल्यास स्त्रीरोग विभागात. सरकारी भरतीचा अर्ज तिने जरूर भरावा, त्यासाठी पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोंकणीचे ज्ञान लागते हे तुम्हाला माहीत असेलच. आखातासाठी प्रोमेट्रिक ही परवान्याची परीक्षा, ब्रिटनसाठी इंग्रजीची परीक्षा आणि तिथल्या परिषदेच्या दोन चाचण्या, हे तिचे वर्गमित्र तिला माझ्याहून चांगले सांगतील.

वर्षभराच्या अनुभवानंतर आणि पदवीला किमान ५५ टक्के गुण असतील तर प्रसूती व स्त्रीरोग परिचर्येतील दोन वर्षांची एमएस्सी हा तिच्यासाठी सरळ मार्ग आहे. माझी स्वतःची पसंती दुसऱ्या वाटेला आहे. रुग्णालयातील अनुभव घेऊन तिने कारखान्यातील आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून शिरावे आणि औद्योगिक आरोग्याचे शिक्षण घ्यावे. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला आरोग्य कक्ष आणि परिचारिका ठेवावी लागते हेही १९४८ च्या कायद्यापासूनचे आहे, म्हणजे ही जागा अस्तित्वात आहे, तिथे बोट कापले की पट्टी बांधण्यापलीकडे काय करता येईल हे कोणीतरी दाखवून द्यायचे आहे. ब्रिटनमध्ये २०२३ साली कामाच्या ठिकाणच्या पाळी आणि रजोनिवृत्तीविषयी बीएस ३०४१६ हे राष्ट्रीय मानक निघाले, आणि २०२४ मध्ये तिथल्या समानता आयोगाने मालकांना त्यांच्या कायदेशीर जबाबदारीविषयी मार्गदर्शनही दिले. ते इथे लागू नाही, पण त्यात मालकांनी काय करावे अशी अपेक्षा आहे ते तिने मुळातून वाचावे आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी इथल्या एखाद्या पॅकिंग लाईनवरच्या बायकांना, त्यांची परवानगी घेऊन, तेच प्रश्न विचारावेत. पहिली मुलाखत कोणाची घ्यायची हे तिला सांगायला नको.

परीक्षा संपेपर्यंत थांबू नका. येत्या रविवारी तिला बसवून सांगा, आणि स्त्रीरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात तिला सोबत न्या. तिथल्या रांगा, कागद आणि परिभाषा तिच्या ओळखीच्या आहेत. राजीनामा लिहून ठेवला आहे तो कपाटातच राहू द्या, निदान हिमोग्लोबिनचा अहवाल हाती येऊन तीन महिन्यांचे उपचार होईपर्यंत आणि तुमच्या अर्जाला कंपनीचे लेखी उत्तर येईपर्यंत. चतुर्थीला यंदा सुट्टीचा अर्ज द्या, तेवढाच.