लातूरहून टोरांटोला समता शिकायला येताना

तुझा प्रश्न असा: एम.एस.डब्ल्यू. झालंय, लातूरच्या एका संस्थेत तीन वर्षं काम केलंय, आता परदेशी विद्यापीठात विविधता-समता-समावेशन, म्हणजे संस्थांत सगळ्या गटांना बरोबरीची जागा कशी मिळेल ते, शिकायचंय. एजंट म्हणतो, कॅनडात आठ महिन्यांचं सर्टिफिकेट घे, नोकरी लगेच. आत्या म्हणते, अमेरिकेला जा. मी पुण्याहून टोरांटोला याच विषयासाठी आले आणि आज एका विद्यापीठाच्या समता कार्यालयात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एजंट. १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्याला कॉलेजच्या सर्टिफिकेटवर किंवा डिप्लोमावर पुढचं वर्क परमिट ठरावीक विषयांसाठीच मिळतं: आरोग्य, शेती, कुशल कारागिरी, विज्ञान-तंत्रज्ञान अशी ती यादी. आपला विषय तीत बसेल हे गृहीत धरू नकोस. यादीत बसणं ज्यावर ठरतं तो अभ्यासक्रमाचा कोड एजंटकडून लेखी माग, मग बघ तो किती गोड बोलतो ते. विद्यापीठाच्या पदवीला ही विषयाची अट नाही. मास्टर्स तर वर्षाचं असलं, तरी तीन वर्षांचं परमिट मिळू शकतं. पैशांचं म्हणशील, तर फी आणि विमानभाडं सोडून सप्टेंबर २०२५ च्या नियमाप्रमाणे एका माणसाच्या वर्षाच्या खर्चाचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. सत्र चालू असताना बाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं. म्हणजे इथं कमवून फी भरू, हे डोक्यातून काढून टाक.

आता आत्या. टेक्सासात १ जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांत विविधता-समतेची कार्यालयं चालवायला कायद्यानंच बंदी आली. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांनी केंद्र सरकारचे असे कार्यक्रम गुंडाळले आणि मिशिगन विद्यापीठानंही त्याच वर्षी आपलं कार्यालय बंद केलं. कॅनडात सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नकोस. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या आँटॅरिओनं १९९३ साली रोजगार-समतेचा स्वतःचा कायदा केला आणि १९९५ मध्ये सरकार बदलताच तो रद्दही केला. अल्बर्टा विद्यापीठानं जानेवारी २०२५ मध्ये 'ईडीआय' (समता-विविधता-समावेशनाचं इंग्रजी लघुरूप) हे नावच सोडून 'संधी, समुदाय आणि आपलेपणा' असं नवं नाव घेतलं. या क्षेत्रातल्या पाट्या अशा बदलत राहतात, म्हणून पाटीवरचं नाव बघून कोर्स निवडू नकोस.

पाटी बदलली तरी लागतात त्या दोन गोष्टी: कायदा आणि आकडे. आँटॅरिओचा मानवाधिकार कायदा १९६२ पासून आहे. अपंग विद्यार्थ्याला परीक्षेत जादा वेळ, नमाजासाठी वेळापत्रकात बदल, हे सगळं त्याच कायद्याखालचं संस्थेचं कर्तव्य आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. माझा अर्धा दिवस अशाच पत्रांत जातो. आकड्यांचं म्हणशील, तर केंद्राचा रोजगार-समता कायदा (पहिला १९८६ चा, आताचा १९९५ चा) चार गट मोजतो: स्त्रिया, आदिवासी, अपंग आणि 'दृश्य अल्पसंख्याक', म्हणजे आदिवासी सोडून बाकीचे गोरे नसलेले लोक. आपल्याकडून येणारा प्रत्येक जण पहिल्याच दिवशी विचारतो, म्हणजे आरक्षण ना? नाही. या कायद्यात सक्तीचा कोटा लादता येत नाही, संस्थेनं उद्दिष्ट ठरवायचं असतं. पण मुळातला विचार तुला ओळखीचा वाटेल. आपल्या घटनेतलं १५(४) आणि कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेतलं १५(२), दोन्ही मागे ठेवलेल्यांसाठी खास तरतुदीला मोकळीक देतात. कलमाचा आकडाही तोच, हा निव्वळ योगायोग.

एक गोष्ट मात्र कुठल्याच माहितीपत्रकात सापडणार नाही. पहिल्या आठवड्यात वर्गात प्रत्येकानं सांगायचं होतं, मी समाजात कुठे उभं राहून बोलतेय. मी सांगितलं: सावळी बाई, परदेशी विद्यार्थिनी, इंग्रजी ही दुसरी भाषा. सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्ग सुटल्यावर नागपूरची एक मुलगी कॉफीच्या रांगेत मला मराठीत म्हणाली, "रंग सांगितलास, भाषा सांगितलीस, आडनाव तेवढं गिळलंस." मला उत्तर सुचलं नाही. पुण्यात ज्या आडनावानं मला भाड्याची खोली एका फोनवर मिळायची, ते इथल्या फॉर्मवर 'दृश्य अल्पसंख्याक' या रकान्याखाली पार झाकलं गेलं होतं. एका खुणेत मी पीडितांत जाऊन बसले, आणि खरं सांगते, बरं वाटलं होतं.

हे नुसतं वर्गातलं तत्त्वज्ञान नाही. टोरांटोच्या शाळा मंडळानं मार्च २०२३ मध्ये जातिभेदाचा प्रश्न मतदानाला घेतला आणि तो आँटॅरिओच्या मानवाधिकार आयोगाकडे पाठवला. आयोगानं त्याच ऑक्टोबरात सांगितलं की जातीवरून भेदभाव हा वंश, कुळ, धर्म अशा कायद्यात आधीच असलेल्या कारणांखाली येतोच. आता तक्रार आली की ती समजणारं माणूस कार्यालयात हवं असतं. 'तुमच्यात कोण?' हा साधा वाटणारा प्रश्न भाड्याच्या घरात किंवा गणपतीच्या जेवणात काय करतो, हे इथल्या सहकाऱ्यांना मी तासभर समजावते, तरी निम्मंच पोचतं. तू लातूरला तीन वर्षं हेच पाहिलंयस. ते 'फील्डवर्क' या एका शब्दात उरकू नकोस.

कुठे अर्ज करावा? टोरांटो विद्यापीठाच्या शिक्षणसंस्थेत सामाजिक न्याय शिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे. अपंगत्वाकडे ओढा असेल, तर यॉर्क विद्यापीठात क्रिटिकल डिसॅबिलिटी स्टडीजचं एम.ए. आहे. प्रबंध लिहायचा आहे की नुसते विषय घेऊन पदवी, हे आधी ठरव आणि निधीचं विभागालाच ईमेलनं विचार. शिक्षण चालू असतानाच विद्यापीठाच्या एखाद्या कार्यालयात अर्धवेळ काम मिळव. इथला अनुभव नसला, तर तुझी लातूरची तीन वर्षं इथले लोक ऐकून घेतात, पण मोजत नाहीत. अन्यायच आहे तो, आणि तोही समता कार्यालयांच्या भरतीत चालतो.

एस.ओ.पी., म्हणजे अर्जासोबतचा 'मला हे का शिकायचंय' हा निबंध, लिहून झाला की पाठव. 'पॅशनेट' दिसला तर मी खोडणार, आणि लातूरबद्दल एक पान कमी पडलं तर परत पाठवणार.