भरल्या गाडीत बंद, रिकाम्या गाडीत चालू: जुन्या पिकअपच्या वायरिंगबद्दल, जरा लांबलंय

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि डोक्यात जुनं सगळं परत सुरू झालं. जुनी डिझेल पिकअप, माल भरून घाट चढताना एक-दोन हिसके देते आणि गपकन बंद, बाजूला घेऊन चावी मारली की लगेच चालू, आणि ज्याला दाखवावं तो म्हणतो गाडीत काही नाहीच. माझ्या गाडीला सेम हेच झालं होतं, म्हणून लिहितोय.

आधी सांगून ठेवतो, मी वायरमन नाही. रत्नागिरीकडून आंबा घाटाने कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या नेणारा गाडीमालक आहे, बाकीचं वर्ष मिळेल ते भाडं. आणि मी लिहितोय ते जुन्या रोटरी डिझेल पंपाच्या गाडीबद्दल, जिच्यात पंपावर स्टॉप सोलेनॉइड (करंट असेपर्यंत डिझेल सोडणारा, करंट गेला की बंद करणारा विजेचा खटका) असतो आणि इंजिन चालवायला कॉम्प्युटर नसतो. तुमची कॉमनरेल, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल सोडणारी नवीन गाडी असेल तर सेन्सर, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), रिले हे सगळं मधे येतं, त्यात मी बोलणार नाही, त्यासाठी स्कॅनरवाला चांगला माणूस शोधा.

टर्मिनल साफ, फ्यूज चेक वगैरे तुम्ही केलंच असणार, ते सोडून देतो. फक्त एक गोष्ट, हा डिझेलचा प्रॉब्लेम की करंटचा, हे आधी ठरवा. डिझेल कमी पडत असेल किंवा हवा ओढत असेल तर गाडी आधी मरगळते, ओढ कमी होते, आणि बंद पडल्यावर सहसा लगेच चालू होत नाही, हातपंप मारावा लागतो. करंट गेला तर कुणी चावी फिरवल्यासारखी गप्प होते आणि परत चावी मारली की काही झालंच नाही अशी चालू होते. तुम्ही लिहिलंय ते दुसऱ्या प्रकारातलं वाटतंय. शंभर टक्के नाही, पण वाटतंय.

आता माझी कुठे वाट लागली ते. नाव घेत नाही, पण एक मोठं वर्कशॉप, काचेचं ऑफिस, एसी, बसायला सोफा. गाडी दिली की त्यांचा माणूस ती रिकामी घेऊन जवळच्या सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून यायचा आणि जॉबकार्डवर लिहायचा ‘तक्रार आढळली नाही’. आढळणार कशी? माझी तक्रारच मुळी भरलेल्या गाडीची, चढाची, पहिल्या-दुसऱ्या गिअरची. मी काउंटरवरच्या साहेबाला म्हटलं, माल भरलेली गाडी घेऊन घाटाखाली साखरप्यापर्यंत येतो, तिथून वर तुमचा माणूस शेजारी बसू दे, डिझेल माझं, जेवण माझं. तर म्हणे आमचा माणूस बाहेर जात नाही, गाडी इथे बंद पाडून दाखवा. अहो, इथे बंद पडत असती तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो, घरीच शोधली असती ना!

मग सुरू झालं बदलाबदली पुराण. आधी म्हणाले बॅटरी वीक आहे. बॅटरी बदलली. मग डायनामो. मग सोलेनॉइडच नवीन. दर वेळी ‘आता येणार नाही प्रॉब्लेम’, दर वेळी बिल, आणि दर वेळी गाडी त्याच घाटात. आतला एक पोरगा, फिटर असावा, मला हळूच म्हणाला, काका ही भरून बघायला पाहिजे. पण त्याला तिथे विचारतो कोण! जुने पार्ट मागितले तर ते स्क्रॅपला गेले म्हणे. यातलं काही खराब होतं का, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. आणि आंबा थांबत नाही हो. सकाळचा सौदा हुकला की तोच माल दुसऱ्या दिवशी मऊ पडलेला, भाव पाडून द्यायचा, आणि बागायतदार तोंड फिरवतो तो वेगळाच. वर्कशॉपच्या बिलापेक्षा मला ते जास्त पडलं.

त्यामुळे माझं स्पष्ट मत, कुणाला पटो न पटो: जो माणूस फॉल्ट ज्या परिस्थितीत येतो त्या परिस्थितीत गाडी बघायला तयार नाही, त्याला पार्ट बदलू देऊ नका. गाडी भरल्यावर, तापल्यावर, पावसात, रात्री सगळे दिवे चालू असताना, जेव्हा येतो तेव्हाच बघायचं. तुमच्या पोस्टमध्ये ‘भरून’ हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

कारण बघा, सोलेनॉइडला केबिनमधून एकच वायर येते आणि त्याचा अर्थ, म्हणजे मायनसची जोडणी, इंजिनमधूनच मिळतो. ती वायर फायरवॉलपर्यंत (केबिन आणि इंजिनच्या मधला पत्रा) बॉडीला बांधलेली, तिथून पुढे इंजिनवर. बॉडी एका जागी, इंजिन हलतं. भरल्या गाडीने चढावर जोर लावला की इंजिन फाउंडेशनवर, म्हणजे ज्या रबरी पायांवर ते बसतं त्यांच्यावर, एका बाजूला कलतं, आणि फाउंडेशनचे रबर गेलेले असतील तर चांगलंच कलतं. दर वेळी वायर त्याच एका जागी वाकते, ताणते. आतली तांब्याची तार तुटत जाते, वरून प्लॅस्टिक एकदम शाबूत. सपाटीला टोकं चिकटलेली, चढावर सुटलेली. करंट गेला की सोलेनॉइड डिझेल बंद करतो, इंजिन थांबलं की ते परत जागेवर, तार परत चिकटली, चावी मारा, चालू. भुताटकी नाही, काही नाही.

हे पकडलं कसं, तर दोन बल्बनी. आमच्या नाक्यावरचा एक म्हातारा वायरमन, शेडसुद्धा नाही त्याला, त्याची ही आयडिया. पार्किंगचे छोटे ५ वॅटचे दोन बल्ब केबिनमध्ये डॅशवर बसवले. एकाला करंट सोलेनॉइडच्या फ्यूजच्या बाहेरच्या बाजूने, दुसऱ्याला खाली थेट सोलेनॉइडच्या टोकावरून. दोन्हीचा अर्थ केबिनमध्ये चांगल्या जागी. दोन्ही वायरींना करंट घेतो त्या टोकालाच छोटा फ्यूज लावायचा, हे विसरू नका, नाहीतर बोनेटमधून आणलेली वायर कुठे घासली तर आग लागेल. मग गाडी भरली आणि घाटाला लावली. बल्बकडे बघायला शेजारी माणूस हवाच, ड्रायव्हरने बघायचं नाही. दोन्ही विझले तर लफडं फ्यूजच्या मागे, म्हणजे इग्निशन स्विच, फ्यूज बॉक्स, मेन कपलर (वायरी जोडणारा प्लग). फक्त दुसरा विझला तर फ्यूज ते पंप यांच्यामध्ये. दोन्ही लागलेले राहून गाडी बंद पडली तर सोलेनॉइड स्वतः, त्याचा अर्थ, नाहीतर डिझेल लाइन. आमच्यात हिसका बसला तेव्हा पहिला बल्ब स्थिर आणि दुसरा लुकलुकला. खाली उतरून फायरवॉलच्या पुढची क्लिप सोडली, वायर बोटांनी ओढली तर रबरासारखी लांब झाली, आत तारच नव्हती म्हणा ना, दोन-चार धागे राहिले असतील. जरा ढिली ठेवून नवीन वायर टाकली, फाउंडेशनचे रबर बदलले, विषय संपला.

आणि वायर सलग आहे का बघताना मल्टिमीटर जो ‘पी’ आवाज करतो, त्यावर विश्वास ठेवू नका. एक धागा शिल्लक असला तरी मीटर पी करतो, कारण तो नावापुरता करंट सोडतो. वर्कशॉपात माझ्यासमोर ती वायर अशीच ‘ओके’ झाली होती. चावी ऑन ठेवून, सोलेनॉइड ओढलेला असताना मीटर डीसी व्होल्टवर घ्या, लाल टोक फ्यूजच्या बाहेर, काळं सोलेनॉइडच्या टोकावर. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर मधे कुठेतरी अडतंय. आणि ते बघतानाच दुसऱ्याला वायर हलवायला, ओढायला सांगा, आकडा उडी मारतो तिथे थांबा.

तसंच अर्थिंगचं. सेल्फ (स्टार्टर) मारताना बॅटरीच्या मायनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर इंजिनची अर्थ पट्टी बघा. जास्तच खराब असेल तर सेल्फचा करंट एक्सिलेटरच्या केबलमधून रस्ता काढतो आणि केबल गरम होते, हात लावून कळतं. आमच्याकडे समुद्राची हवा, त्यामुळे पट्टीच्या टोकाच्या कडीखाली, लगखाली, हिरवट बुरशीसारखं धरतं. खोलून घासायचं, आवळायचं आणि मग वरून ग्रीस, आधी नाही. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो किंवा भलताच दिवा लागतो, तेही बहुतेक वेळा मागच्या लॅम्पचं अर्थिंगच असतं, त्यासाठी कुणी नवीन फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा पार्ट) विकायला लागला तर घेऊ नका.

अजून दोन-तीन गोष्टी सुचल्या म्हणून. पीळ मारून काळी टेप लावलेले जॉइंट असतील तर एकदा सगळे उघडाच, पावसात पाणी टेपखालून तारेच्या आतपर्यंत जातं आणि तांबं काळं पडतं, मग सोल्डरही धरत नाही. काळं दिसतंय तिथपर्यंत कापून टाका. फ्यूजच्या जागी तार लावणाऱ्याच्या दुकानात परत जाऊ नका. हौद्याला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी सोडवून करा, डायनामोचे डायोड उडतात. आणि कुठेही पार्ट बदलला तरी जुना पार्ट परत हवा हे गाडी देतानाच जॉबकार्डवर लिहून घ्या, तोंडी चालत नाही, नंतर कोणी ओळख देत नाही.

शोध लागेपर्यंत भरलेली गाडी घाटात नेताना जपून. इंजिन बंद झालं की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं. पंप-पंप न करता एकदाच दाबून धरायचं, हँडब्रेक ओढायचा, आणि शेजारच्या माणसाच्या पायाशी चाकाला लावायला ठोकळा ठेवायचाच. पावसाळ्यात तर मी म्हणेन भाडं सोडा, पण ते सांगणं सोपं, हप्ता कोण भरणार.

एक लिहिलं नाहीत तुम्ही. गाडी बंद पडते त्या क्षणी डॅशवरचे लाल दिवे लागतात, की डॅशही पूर्ण काळा होतो? काळा होत असेल तर माझ्या वायरीच्या मागे लागू नका, इग्निशन स्विचपासून सुरुवात करा, चावीला लोंबणारा जड जुडगा असेल तर तो आजच काढा. तेवढं बघून सांगा, आणि गाडी कुठल्या सालची आहे तेही.