वाचकांचे प्रश्न : मध्य म्हणजे निम्मे नव्हे

प्रश्न : ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल सद्गुण दोन टोकांच्या मध्ये ठेवतो. मला राग चटकन येतो. मग मी नेहमी बेतानेच रागवायचे का? अजिबात न रागावणे जास्त चांगले नाही का?

उत्तर : ‘बेताने’ हा अर्थ घेतला की तिथेच चूक होते. ‘निकोमाकियन एथिक्स’ या नीतीवरच्या ग्रंथात त्याने आहाराचे उदाहरण दिले आहे. १० मापे अन्न फार आणि २ मापे कमी, म्हणून वस्ताद सगळ्यांना ६ मापे वाढत नाही. मिलोसारख्या मल्लाला ६ अपुरी पडतील, तालमीत नव्याने आलेल्याला तीच जड जातील. रागाचेही तसेच आहे. माणूस, कारण, वेळ, रीत आणि किती काळ, या पाचही बाबतींत तो योग्य हवा. अजिबात न रागावणे हाही त्याच्या लेखी दोषच. आपल्या माणसांचा अपमान मुकाट गिळणे त्याला पटत नाही.

तरी तुम्ही चटकन रागावता, म्हणून न रागावण्याच्याच बाजूला झुकावे. वाकलेले लाकूड सरळ करायला उलट बाजूला ओढतात, हा त्याचाच सल्ला आहे. शीघ्रकोपी माणसाचा राग लवकर विझतो, ही जमेची बाजू. मनात धरून बसणारा स्वतःला आणि जिवलगांना फार ताप देतो.

पूर्ण हुकूम न ऐकताच धावत सुटणाऱ्या नोकरासारखा राग असतो, असे तो म्हणतो. म्हणून आधी समोरच्याचे बोलणे संपू द्या, मग वरच्या पाच गोष्टी तपासा. त्यांतली एक जरी बसत नसेल तर तो विषय उद्यावर टाका. हे किरकोळ प्रसंगांपासून सुरू करा, कारण सवय कृतीनेच लागते. बहुतेकांचे अडते ते इथेच : वैद्याचे लक्षपूर्वक ऐकून औषध न घेणाऱ्या रोग्यासारखे ते नुसते तत्त्व समजून घेतात. चोरी आणि खून यांना मात्र मध्य नसतो, ती कृत्ये मुळातच वाईट.

प्रश्न : हे सगळे सुखासाठीच ना?

उत्तर : त्याचा शब्द ‘युडायमोनिया’. ‘सुख’ म्हटले की मनाला वाटणारा आनंद आठवतो, म्हणून हा शब्द तोकडा पडतो. बुद्धी वापरून, सद्गुणाने आणि आयुष्यभर केलेले जगणे, असा त्याचा आशय आहे. मित्र, थोडे धन आणि दैवाची साथही त्याला लागतेच. म्हातारपणी सर्वस्व गमावलेल्या ट्रॉयच्या प्रायम राजाला कोणी सुखी म्हणणार नाही, असे तो स्पष्ट लिहितो.