ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन गेम आज सुरू करायचा असेल, तर खेळाडूंनी बनवलेलं काय वापरावं?

आधी विकी उघडा. हा गेम २०१३ मध्ये मूळ रूनस्केपच्या ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवरून परत आणला गेला, आणि त्याची विकी खेळाडूच लिहितात. २०१८ मध्ये ती फँडम ही विकी चालवणारी साइट सोडून स्वतंत्र झाली, तेव्हापासून वाचायलाही सुटसुटीत आहे.

पहिलाच क्वेस्ट (गेममधली कामगिरी) घ्या, लम्ब्रिज या गेममधल्या गावातल्या आचाऱ्याचा. त्याला अंडं, दूध आणि पीठ हवं असतं. पिठापाशी बरेच जण अडकतात: गहू गिरणीत वरच्या मजल्यावर हॉपरमध्ये (धान्य ओतायच्या नरसाळ्यात) टाकायचा, लिव्हर ओढायचा, मग खाली येऊन मडक्यात पीठ भरायचं. विकीवर हे पायरी पायरीने दिलंय. क्वेस्ट कोणत्या क्रमाने करावेत याचंही पान आहे, ते तर सोडूच नका.

दुसरं म्हणजे रूनलाइट, ओपन सोर्स क्लायंट, म्हणजे गेम ज्यातून खेळायचा तो प्रोग्राम. त्यात विकीसिंक प्लगइन (जोड-प्रोग्राम) टाकलं की तुमचे पूर्ण झालेले क्वेस्ट विकीच्या पानांवर खूण होऊन दिसतात. खरेदी-विक्रीआधी विकीचे रिअल-टाइम भाव बघा. ते रूनलाइट वापरणाऱ्यांच्या प्रत्यक्ष सौद्यांतून येतात, त्यामुळे गेममध्ये दाखवल्या जाणाऱ्या अंदाजे भावापेक्षा (गाइड प्राइस) मला त्यांचाच जास्त भरवसा वाटतो.

रूनलाइट मात्र त्याच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. नावाची नक्कल करून पासवर्ड चोरणारे बरेच आहेत.