यामाहाच्या आर15 व्ही थ्री बाइकला हँडल रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) बसवले तर मनगटं दुखायची थांबतील का? आणि घरी बसवता येतात का?

बसवा भाऊ, फरक पडतो, फक्त एक इंचाच्या वर जाऊ नका. तुम्ही लिहिलंय की अंबाजोगाई ते लातूर रोजचं अप-डाऊन आहे, लातूर येईपर्यंत हाताला मुंग्या येतात, मान धरती, आणि ऑनलाइन दोन इंचाचे रायझर स्वस्तात दिसायलेत ते मागवू का. माझ्याकडंपण व्ही थ्रीच आहे, तिला 25 एमएमवाले लावलेत, म्हणून सांगायलो.

दोन इंच काहून नको, तर हँडल वर गेलं तरी क्लचची केबल, रेसच्या केबल, ब्रेकचा पाइप, स्विचच्या वायरी ह्या कंपनीनं जुन्या उंचीच्या हिशोबानंच कापलेल्या असतात. त्यांना जी थोडीफार ढील असती ती इंचभरात संपती. त्याच्या वर गेलात की लांब ब्रेक पाइप घ्या, लांब केबल घ्या, जुनं ब्रेक ऑइल काढा, नवं डॉट 4 ब्रेक ऑइल भरा, पाइपातली हवा काढा, आणि त्यात एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी) गाडी असली तर हवा नीट निघाली का नाही ते बघायला जाणता मेकॅनिकच लागतो. नुसत्या मनगटासाठी एवढा कुटाणा कोण करणार.

घेताना पुढच्या शॉकअपच्या नळीची जाडी बघूनच घ्या. व्ही थ्रीला 41 एमएमचा साधा शॉकअप आहे, 2021 ला व्ही फोर आली तिला उलटा शॉकअप दिलाय, त्याची वरची नळी जाड असती, त्यामुळं एकीचा रायझर दुसरीला बसत नाही, पण विकणारे 'सगळ्या आर15 ला चालतो' असं बिनधास्त लिहितात. व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) लावून मोजा. सैल बसला म्हणून मधी पत्रा घालायचा धंदा अजिबात करू नका. आणि गॅरेजवाला म्हणाला की लेथवर करून देतो, तर त्याला हात जोडा. अ‍ॅल्युमिनियम कोणतं, कुठून आणलं काही कळत नाही, आणि जोरात ब्रेक मारल्यावर तुमच्या अंगाचा सगळा भार त्याच तुकड्यावर येतो. अजून एक जुगाड चालतो, शॉकअपच्या नळ्या टीमधून (दोन्ही नळ्या वर धरणारी पट्टी) वर सरकवायच्या आणि त्याच्यावर क्लिप-ऑन (नळीला बसणारे दोन सुटे हँडल) चढवायचे. त्यानं पुढची बाजू खाली बसती, हँडल उगीच चपळ होतं, गाडी हायवेला वळवळती. ते नकोच.

बसवायचं काम म्हणाल तर घरी होतं. काही किटमधी नुसता ठोकळा आणि लांब बोल्ट असतात, काहीत नळीवर बसणारा नवा क्लॅम्प असतो आणि त्यासाठी टी काढावी लागती. टी काढायच्या आधी गाडी स्टँडवर पक्की धरून ठेवा, टाकीवर जाड गोधडी टाका, चावीचं लॉक टीलाच असतं म्हणून त्याची वायर ताणू देऊ नका, आणि खालच्या कोनसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) रिंगनटाला हात लावू नका. बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा) नसला तर कुणाचा तरी मागून आणा, हे बोल्ट 20 न्यूटन मीटरच्या आसपासचे असतात, पण किटच्या कागदावर आणि गाडीच्या मॅन्युअलमधी जो आकडा आहे तोच धरायचा. पान्याला पाइप लावून दाबलं की अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा.

खरं काम ह्याच्यानंतर आहे आणि नेमकं तेच लोक करत नाहीत. गाडी न्यूट्रलला चालू ठेवा आणि हँडल पूर्ण डावीकडं, मग पूर्ण उजवीकडं न्या. रेस आपोआप वाढली का? वाढली तर केबल ताणली जायलीय, तशीच रस्त्यावर काढली तर रेणापूर फाट्यावर गर्दीत यू-टर्न मारताना गाडी स्वतःच पळंल. मग गाडी बंद करून तेच परत करा, ह्या वेळी क्लच दाबून बघा, ब्रेक दाबून बघा, लिव्हर नाहीतर मूठ फेअरिंगला घासती का, टाकी आणि हँडलच्या मधी अंगठा सापडतो का, हँडल लॉक लागतंय का. मग पुढचं चाक जमिनीवरून उचला म्हणजे शॉकअप पूर्ण लांब होतो, आणि तसंच दोन्ही बाजूला हँडल फिरवून ब्रेकचा पाइप बघा. चाक खाली टेकलेलं असताना ढिला दिसणारा पाइप उचलल्यावर टाइट होतो, आणि आपल्याकडं गावागावात घरच्या घरी घातलेले स्पीडब्रेकर आहेत, त्याच्यावरून गाडी उडाली की शॉकअप तेवढाच लांब होणार. तिथं ताण दिसला तर रायझर कमी उंचीचे घ्या, दुसरा उपाय नाही. ब्रेक ऑइलची डबी पण साधारण आडवी सरळ राहिली पाहिजे. पहिल्या दीडदोनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा परत तपासा.

आता फायदा किती ते पण ऐका. मनगटावरचा भार कमी होतो म्हणजे तो गायब होत नाही, ढुंगणाखाली जातो, आणि आर15 ची सीट तुम्हाला माहीतच आहे. छातीवर वारं पण जास्त लागतं. माझं मत विचाराल तर हा सौदा परवडतो, मान तरी सरळ राहती.

कागदाचं म्हणाल तर आरसीवर हँडलची उंची लिहिलेली नसती, पण 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगी नसलेल्या बदलाला, दर बदलामागं 5,000 रुपये भुर्दंड बसू शकतो. इन्शुरन्सवाल्याला एक मेल टाकून ठेवा, आणि मूळचे नटबोल्ट फेकू नका.

पार्सल यायला वेळ लागंल तोवर एक फुकटचं करून बघा. क्लच-ब्रेकची लिव्हर थोडी खाली फिरवा, म्हणजे बोटं आणि मनगट एका रेषेत येईल, आणि मांड्यांनी टाकी धरून बसा, हातावर रेलू नका. निम्मा त्रास बऱ्याचदा तिथंच जातो. आणि मुंग्या गाडीवरून उतरल्यावर, रात्री झोपेत पण येत असतील तर ते रायझरचं काम नाही, हाडाच्या डॉक्टरला दाखवा.