ट्यूमर येण्याआधीचा माणूस

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. सत्तरी ओलांडलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या (मेंदूतल्या आक्रमक कर्करोगाच्या) रुग्णाला पूर्ण उपचार द्यावेत की नाही, हे किती वयापासून ठरवावे, असे तू विचारले आहेस. माझ्या मते ते वयावरून ठरवूच नये. शिवाय आपल्या मराठवाड्यात या पिढीचे वय तरी कुठे नेमके ठाऊक असते? आधार कार्डावर १ जानेवारी लिहिलेली असते आणि खरा हिशेब १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होते की शाळेत होते, यावरून लावावा लागतो. ठरवायचे ते शरीरात शिल्लक किती आहे यावरून, म्हणजे ज्याला आपण फ्रेल्टी म्हणतो त्यावरून.

अडचण अशी की फ्रेल्टी मोजण्याची बहुतेक साधने चालण्याचा वेग, हाताची पकड, स्मरण आणि दैनंदिन कामे यांवर उभी आहेत, आणि मेंदूतला ट्यूमर नेमका याच गोष्टींवर घाला घालतो. उजवी बाजू लुळी पडलेला, शब्द न सापडणारा शेतकरी स्ट्रेचरवरून आला की त्याचा कार्नोफ्स्की (स्वतःची कामे किती जमतात याचा शंभरपैकी गुणांक) ४० वर येतो, आणि वाॅर्डात सगळे ‘आता काय करायचे’ असे बोलू लागतात. तो माणूस महिन्यापूर्वी दारे धरायला रात्री शेतात जात असेल, तर ही अवस्था वार्धक्याची नाही, ट्यूमरची आणि त्याच्याभोवतीच्या सुजेची आहे. म्हणून क्लिनिकल फ्रेल्टी स्केलचा, म्हणजे दुर्बलता मोजण्याच्या श्रेणीचा, आकडा लिहिताना लक्षणे सुरू होण्यापूर्वीचा माणूस डोळ्यांसमोर आण आणि आजची स्थिती वेगळी नोंदव. डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारे स्टेरॉइड सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपास. जे सुधारले ते सुजेचे होते. मात्र हेच औषध काही आठवडे चालले की मांड्यांचे स्नायू झिजवते आणि साखर चढवते, त्यामुळे हात न टेकता खुर्चीतून उठता येते का, हे दर भेटीत पाहत जा.

पूर्वस्थिती विचारण्याची रीतही आपल्या माणसांना जुळणारी हवी. बँकेचे व्यवहार स्वतः करता का, हा प्रश्न अनेक आजींना गैरलागू असतो, कारण ते पहिल्यापासून मुलगाच करतो. त्यांना भाकरी थापणे, धुणे, आठवडी बाजाराला एकटीने जाणे याविषयी विचार. शाळा न पाहिलेल्या माणसाला घड्याळ काढायला लावून स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारू नकोस. जी-८ या वृद्ध कर्करुग्णांच्या प्राथमिक चाळणी-चाचणीत १७ पैकी १४ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर सविस्तर वृद्धरोग-मूल्यमापन करावे असे ठरलेले आहे, पण तिथे वजन-उंचीच्या गुणोत्तरालाही गुण आहेत, आणि आपला जन्मभर किडकिडीत राहिलेला माणूस ते विनाकारण गमावतो. बांगड्या अलीकडे सैल झाल्या का, पायजम्याची नाडी जास्त ओढावी लागते का, हे विचारल्यास वजन खरोखर घटले आहे का ते कळते. मोतीबिंदू, बहिरेपण आणि फिट्सच्या गोळ्यांची गुंगी यांनाही लोक म्हातारपण समजतात.

आता हे सगळे कशासाठी? किरणोपचाराचा नेहमीचा आराखडा ६० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचे एकक), ३० मात्रा म्हणजे ३० बैठका, सहा आठवडे. साठीपुढच्या रुग्णांत ४० ग्रे १५ मात्रांत दिले तरी आयुर्मानात लक्षणीय फरक पडला नाही, हे २००४ मध्येच दिसले. २०१५ मध्ये वृद्ध किंवा दुर्बल रुग्णांत २५ ग्रे पाच मात्रांत देण्याचा पर्यायही पुढे आला. पासष्टीपुढच्यांत तीन आठवड्यांच्या किरणोपचाराला टेमोझोलोमाइडच्या (केमोथेरपीच्या गोळ्यांची) जोड दिल्यावर मध्यम आयुर्मान ७.६ वरून ९.३ महिन्यांवर गेले (२०१७), आणि ज्यांच्या ट्यूमरमध्ये एमजीएमटी हे जनुक मिथिलेटेड, म्हणजे रासायनिक बदलाने बंद असते आणि त्यामुळे या गोळ्या जास्त लागू पडतात, त्यांच्यात ७.७ वरून १३.५ वर. परंतु त्या चाचणीत बऱ्यापैकी हिंडते-फिरते रुग्ण होते, हे विसरून तो आकडा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला लावणे मला पटत नाही. मिथिलेटेड पण दुर्बल रुग्णाला नुसत्या गोळ्या देणेही शास्त्राला धरूनच आहे. आणि जो ट्यूमर येण्याआधीच परावलंबी होता, त्याला केवळ लक्षणांवर उपचार देणे म्हणजे हात वर करणे नव्हे.

किनवट किंवा उमरग्याहून संभाजीनगरला येणाऱ्या घराला सहा आठवडे आणि एक आठवडा यांत केवढा फरक पडतो, हे तुला सांगायला नको. सोबत कोण राहणार, आणि टेमोझोलोमाइड चालू असताना प्लेटलेट्स पाहायला रक्त तालुक्यालाच तपासता येईल का, हेही मूल्यमापनातच लिहीत जा.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नकोस. डेक्सामेथासोनने वाचा थोडी परतते, तो काळ अनेकदा थोडा असतो. मुलांना बाहेर बसवून रुग्णालाच विचार की त्याला काय हवे आहे, किती सोसायची तयारी आहे, शेवटी घरी राहायचे आहे का. आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत, तारखेसह, केसपेपरवर लिहून ठेव.

तुझा,
सर