तीन पुस्तकं, तीन सल्ले आणि साडेचार महिन्यांची लेक

"बाळाच्या पहिल्या वर्षासाठी चांगलं पुस्तक कोणतं? घरात आहेत ती एकमेकांच्या उलट सांगतात." समुपदेशनात हा प्रश्न आता वरचेवर येतो. या वेळी तो घेऊन आली होती वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्याच्या एका खेड्यातली आई. वय २४, बी.ए. झालेली, नवरा कृषी केंद्रात कामाला. सोबत सासूबाई आणि साडेचार महिन्यांची मुलगी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पिशवीतून दुपट्याच्या आधी तीन पुस्तकं निघाली, आणि एक जाड वही. वहीत प्रत्येक पाजण्याची वेळ, किती मिनिटं, कोणती बाजू, रात्री किती वेळा उठली, सगळं ओळीनं लिहिलेलं.

पुस्तक कोणतं घ्यावं हे विचारणाऱ्या आईला बहुतेक वेळा वेगळंच काही विचारायचं असतं. या ताईंना विचारायचं होतं, "माझं दूध पुरतं का?" एका पुस्तकातल्या वजनाच्या तक्त्यात मुलगी मागे होती. दुसऱ्या पुस्तकानुसार ती चार महिन्यांनंतर रात्रभर झोपायला हवी होती, ती तीनदा उठत होती. सासूबाईंचा निकाल आधीच लागलेला: "पोट भरत नाई तिचं, म्हणून उठते. वरचं दूध चालू कर म्हनलं तं पुस्तक दाखोते मले."

म्हणून पुस्तकं बाजूला ठेवून आधी माता व बाल संरक्षण कार्ड मागितलं. ते पिशवीच्या तळाशी होतं, लसीच्या तारखांपुरतंच वापरलेलं. त्यातला वाढीचा आलेख कोराच होता, पण वजनं लिहिलेली होती: जन्माला २.६ किलो, दीड महिन्याला ३.९, दहा आठवड्यांना ४.७, चौदा आठवड्यांना ५.३. त्या दिवशीचं वजन भरलं ५.९. पाचही ठिपके मुलींच्या गुलाबी आलेखावर ताईंनाच मांडायला लावले. मधल्या रेषेच्या खाली, पण सगळे हिरव्या पट्ट्यात आणि रेषेला समांतर वर चढणारे. जन्माचं वजन दुप्पट कधीच होऊन गेलेलं. अंगावर पिणारं बाळ पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढतं, पुढे तो वेग आपोआप उतरतो. नेमक्या याच वेळी घरोघरी "दूध आटलं" अशी बोंब उठते आणि दुधाच्या भुकटीचा डबा येतो. डब्यामुळे बाळ कमी चोखतं, कमी चोखल्यानं दूध खरोखर कमी होतं, आणि मग डबा बरोबर होता असं सगळ्यांना वाटतं.

पुस्तकातला तक्ता मग चुकीचा होता का? जुन्या पुस्तकांतले पुष्कळसे तक्ते अमेरिकन मुलांच्या जुन्या आकड्यांवरून घेतलेले आहेत, आणि त्यातली बरीच मुलं बाटलीवर वाढलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये नवे आलेख दिले, ते सहा देशांतल्या अंगावर पिणाऱ्या मुलांच्या मोजमापावरून. त्या सहांत भारतही होता. आपल्या कार्डातला आलेख तोच. शिवाय ताईंच्या पुस्तकात दर महिन्यापुढे वजनाचा एकच आकडा होता. एकच आकडा छापला की त्याखालची निम्मी धडधाकट बाळंही त्या पानावर नापास ठरतात. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात वजन, झोप, बसणं, रांगणं यांपुढे एकच आकडा दिसला तर ते पुस्तक तिथंच मिटावं. "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असं लिहिणारा लेखक निदान बाळं पाहून लिहितो.

आता ती तीन पुस्तकं. पहिलं इंग्रजीतून मराठीत आणलेलं, गुळगुळीत कागदाचं. छपाई उत्तम, भाषा बरी, पण त्यातलं घर आर्वीतलं नव्हे. बाळाला सहा महिन्यांनी स्वतंत्र खोली, खोलीचं तापमान १६ ते २० अंश, उकडलेलं गाजर गाळून, आणि लसींचं वेळापत्रक त्या देशाचं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तिथं १६ अंशाचं पान वाचून आईला फक्त अपराधी वाटतं. तिला हवं असतं हे: एक पातळ सुती झबलं पुरे, हातपाय नव्हे तर मान आणि पाठ चाचपून गरम-थंड ठरवायचं, कूलरचा झोत अंगावर नको पण खोलीत हवा फिरती हवी, दुपारी जास्त वेळा पाजायचं. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी नको. आईचं दूध बरंचसं पाणीच असतं. वरच्या पाण्यानं पोट भरतं, दूध कमी प्यायलं जातं आणि जुलाबाची वाट उघडते. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची लघवी होत असेल तर पाणी पुरतंय.

दुसरं पुस्तक ताईंच्या माहेरच्या कपाटातलं, त्यांच्या जन्माच्याही आधीचं. डॉक्टरांनीच लिहिलेलं, प्रेमळ, घरगुती. पण त्यात चौथ्या महिन्यापासून फळांचा रस आणि पेज, आणि बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला. लेखकाचा दोष नाही, त्या काळी तसंच सांगत. अचानक मृत्यूचा धोका पालथं झोपवल्यानं वाढतो हे लक्षात आल्यावर १९९० च्या दशकात जगभर सल्ला उलटा झाला: बाळ उताणंच झोपवा. वरच्या अन्नाबाबत "चार ते सहा महिने" हा जुना सल्ला २००१ मध्ये "सहा महिने पूर्ण" असा झाला.

तिसरी होती पातळ पुस्तिका, कुठल्याशा दुकानातून फुकट मिळालेली. मलपृष्ठावर गुबगुबीत बाळ आणि डबा. तिच्यावर वेळ घालवायचं कारण नाही. दुधाची भुकटी, बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं तयार अन्न यांच्या जाहिरातीला १९९२ चा कायदा आणि त्याची २००३ ची दुरुस्ती मनाई करते. बाळाच्या आहारावर माहिती छापायची तर स्तनपानाचे फायदे आणि बाटलीचे तोटेही छापावे लागतात. ते नसेल तर ती पुस्तिका माहितीसाठी छापलेलीच नाही.

मग घ्यायचं काय? नाव सांगण्याऐवजी पुस्तक तपासायची रीत ताईंना शिकवली, कारण तालुक्याच्या वाचनालयात किंवा बसस्टँडच्या दुकानात जे मिळेल त्यातूनच निवडायचं असतं. सुरुवात छपाईच्या पानापासून. तिथं "पुनर्मुद्रण २०२४" असेल तर फसू नका. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापला. "सुधारित आवृत्ती" आणि तिचं साल शोधा. तेही खात्रीचं नसेल तर लसीचं पान उघडा, पुस्तकाचं खरं वय तिथं कळतं. पाच रोगांची पेंटाव्हॅलंट भारतात २०११ च्या अखेरीस आली, जुलाबाविरुद्धची रोटाव्हायरस लस २०१६ पासून, न्यूमोनियाविरुद्धची न्यूमोकोकल २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं. पोलिओच्या इंजेक्शनचा नवव्या महिन्यातला तिसरा डोस २०२३ पासून. पानावर नुसतं "त्रिगुणी लस आणि गोवर" असेल तर पुस्तक बरंच जुनं आहे. खाजगी दवाखान्यातल्या बालरोगतज्ज्ञांचं वेळापत्रक सरकारी कार्डापेक्षा थोडं वेगळं असतं, हा फरक जे पुस्तक समजावतं ते कामाचं.

नंतर वरच्या अन्नाचं पान. तिथं माप हवं आणि घट्टपणा हवा. १८० दिवस पूर्ण झाल्यावर दोन-तीन चमच्यांनी सुरुवात, मग वाढवत आठव्या महिन्यापर्यंत अडीचशे मिलीच्या वाटीची अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. नऊ ते अकरा महिन्यांत तीच अर्धी वाटी तीन-चारदा, शिवाय एक-दोनदा मधलं खाणं. अन्न चमच्यावरून ओघळू नये इतकं घट्ट. "वरणाचं पाणी", "भाताचं पाणी" असं लिहिणारं पुस्तक बाळाला उपाशी ठेवतं, पाण्यात डाळ उरतेच किती? मऊ मूग-तांदळाची खिचडी कुस्करून, वरून चमचाभर तेल किंवा तूप, ही खेड्यातल्या कुठल्याही चुलीवर होते. एक वर्षाच्या आत मध नाही आणि मुख्य पेय म्हणून गाईचं दूध नाही, या दोन ओळी पुस्तकात असायलाच हव्यात. सहाव्या महिन्यापासून आशाताईकडच्या लोहाच्या औषधाचा, १ मिली आठवड्यातून दोनदा, उल्लेख असेल तर लेखकाला आपली व्यवस्था माहीत आहे.

झोपेच्या पानावर पाहायचं ते असं. बाळ उताणं, सपाट आणि घट्ट अंथरुणावर, उशी-गोधडी तोंडाजवळ नाही, हे सगळीच नवी पुस्तकं सांगतात. पण एका खोलीत चौघं झोपतात त्या घराला नुसतं "बाळाला जवळ घेऊन झोपू नका" म्हणून भागत नाही. त्याच खोलीत आईच्या हाताच्या अंतरावर वेगळं अंथरूण कसं लावायचं, दारू प्यायलेल्या माणसाशेजारी बाळ का ठेवू नये, हे सांगणारं पुस्तक घ्यावं. चार-पाच महिन्यांचं अंगावर पिणारं बाळ रात्री दोन-तीनदा उठणं साधं आहे. "रात्रभर झोपवा" हा आग्रह बाटलीच्या हिशेबातून आलेला.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, धोक्याच्या लक्षणांचं पान. पुष्कळ पुस्तकांत प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी "डॉक्टरांचा सल्ला घ्यावा" एवढंच असतं. केव्हा, किती घाईनं, ते नाही. चांगल्या पुस्तकात श्वास मोजायची रीत असते: बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट, दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, तर लगेच निघायचं. छाती आत ओढली जाणं, पिणं सोडणं, झटके, अंग गार पडणं, तळहात-तळपाय पिवळे दिसणं, ही लक्षणं एकाच पानावर एकत्र हवीत, चार प्रकरणांत विखुरलेली नकोत. पहिल्या ४२ दिवसांत मात्र पुस्तकापेक्षा आशाताईच्या भेटींवर भिस्त ठेवावी. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती येते. या घरपोच सेवेची घडण आपल्याच गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेच्या कामातून झाली.

ताईंनी अनुवादित पुस्तक परत केलं आणि वाचनालयातून मूळ मराठीतलं, सुधारित आवृत्तीचं एकच पुस्तक आणलं. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कोणत्याही पुस्तकात न सापडलेल्या गोष्टी लिहायला सांगितल्या. आशाताईचा नंबर, १०८ आणि १०२. कपाशीवर फवारणी करून आलेल्यानं अंघोळ करून, कपडे बदलल्याशिवाय लेकराला उचलायचं नाही. ते कपडे बाळाच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, फवारणीच्या औषधाची बाटली घरात नाहीच. बंद खोलीत शेक-शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण नाही, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली.

सासूबाईंना वगळून हे काही टिकलं नसतं. त्यांची मालीश, अंगाईगीत, अंगावर घेऊन फिरवणं, बाळाशी दिवसभर बोलणं यांवर कुठल्याच पुस्तकाचा आक्षेप नाही, हे आधी सांगितलं. मग काजळ, नाकाकानात तेल आणि गुटी या तीनच गोष्टी सोडायला सांगितल्या, एका वेळी एक, कारणासह. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "असं हाये तं सोडतो बाप्पा." आठवड्याला दोन पानं ताईंनी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची, असं ठरलं. पुस्तक दाखवून गप्प करण्यापेक्षा हे बरं चालतं.

वहीचा प्रश्न वेगळा होता. मिनिटं लिहिणारी आई बाळ झोपल्यावरही झोपते का, हे विचारायलाच हवं. ताई झोपत नव्हत्या. बाळंतपणानंतरच्या उदासीसाठी वापरतात ती दहा प्रश्नांची एडिनबरा चाचणी घेतली, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा दहावा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारून. गुण कमी आले, तरी दोन आठवड्यांनी पुन्हा घेतली आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर दिला. वही बंद करा म्हटलं नाही. मिनिटांऐवजी दिवसाच्या लघव्या आणि महिन्याचं वजन एवढंच लिहायचं ठरलं. दोन पाळ्या सासूबाई बाळ सांभाळतील, त्या वेळात ताईंनी झोपायचं, वाचायचं नाही.

नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या लसीला आल्या तेव्हा मुलगी हिरव्या पट्ट्यातच होती, अर्धी वाटी खिचडी खात होती. नवी काळजी होती: शेजारचं पोट्टं रांगतं, आमची नुसती बसते. पुस्तकात पान शोधून ताईंनी स्वतःच दाखवलं की रांगणं साधारण पाच ते साडेतेरा महिन्यांच्या दरम्यान येतं, आणि काही मुलं न रांगताच उभी राहतात. चौथा महिना संपूनही मान धरत नाही, नऊ महिने उलटूनही आधाराशिवाय बसत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, किंवा जे येत होतं ते येईनासं झालं, तर पुस्तक न उघडता अंगणवाडीत येणाऱ्या बाल आरोग्य तपासणीच्या पथकाला किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवायचं, हे त्या कोऱ्या पानावर वाढवून लिहिलं.